आर्ट्समधून जीएनएमला जायचंय, औषधांच्या हिशेबाचं गणित कुठून सुरू करू?

मुळाकाठ
नमस्कार मंडळी. बारावी आर्ट्स झालंय, पुण्यातच जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) प्रवेश घ्यायचा आहे. दहावीनंतर गणिताशी संबंध सुटला तो सुटलाच. प्रवेशाला गणित लागत नाही हे माहीत आहे, पण पहिल्या वर्षापासूनच डोस, सलाईनचे थेंब, द्रावणं यांचे हिशेब येतात म्हणे. एका सीनियर ताईची वही मिळाली आहे. तिच्यात सूत्रंच सूत्रं: गोळ्यांना एक, इंजेक्शनला एक, थेंबांना दोन, टक्क्यांना वेगळं, लहान मुलांसाठी आणखी तीन.

प्रश्न असे. आठवी ते दहावीचं सगळं बीजगणित पुन्हा करायचं का? सूत्रं पाठ करू की दुसरी काही पद्धत आहे? आणि शाब्दिक उदाहरण समोर आलं की सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. उदाहरणार्थ: "५०० मिली नॉर्मल सलाईन ४ तासांत द्यायचे आहे. सेट २० थेंबांचा. मिनिटाला किती थेंब?" रोज तासभर, असे तीन महिने हातात आहेत. यासाठी क्लास लावावा का?

त्रैराशिक
वर्गसमीकरणं, श्रेढी, भूमिती, सगळं खुशाल बाजूला ठेवा. लागतं ते एवढंच: एक अज्ञात, एक समीकरण, आणि ते अज्ञात एका बाजूला एकटं आणता येणं. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकातलं 'चलन' आणि नववीच्या भाग १ मधलं 'गुणोत्तर व प्रमाण', ही दोन प्रकरणं उदाहरणांसकट करा. पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट मिळते, छापील हवं असेल तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतील.

त्याआधी एक चाचणी घ्या. कॅल्क्युलेटर नको, कागद-पेन फक्त. ०.२५ ग्रॅम म्हणजे किती मिलिग्रॅम? ७५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती मिलिग्रॅम? ३/८ दशांशात किती? ०.६ भागिले ०.०५? ४० चे ७.५ टक्के? (उत्तरं: २५०, ०.०७५, ०.३७५, १२, ३.) यातलं एक जरी अडखळलं तरी पहिले तीन आठवडे फक्त दशांश, अपूर्णांक, टक्केवारी आणि एककं. बीजगणिताला हात लावायची घाई नको. या विषयात बहुतेकांचा घोळ दशांश चिन्ह हलवताना होतो, क्ष सोडवताना क्वचितच.

आता तुमचं उदाहरण. सेट म्हणजे सलाईनची नळी, आणि २० थेंबांचा म्हणजे २० थेंबांत १ मिली. सूत्र विसरा, प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

५०० मिली ÷ ४ तास = १२५ मिली दर तासाला
१२५ मिली ÷ ६० मिनिटं = २.०८ मिली दर मिनिटाला
२.०८ मिली × २० थेंब दर मिलीला = ४१.६, म्हणजे ४२ थेंब दर मिनिटाला

(मधल्या पायरीत २.०८ असं तोडलं म्हणून ४१.६ आलं. तोडकाम शेवटी केलंत तर ४१.६७ येतं. अर्धा थेंब मोजता येत नाही, म्हणून उत्तर पूर्णांकात.)

या उदाहरणाला पुष्कळ जण २५०० लिहून मोकळे होतात: ५०० × २० ÷ ४. गंमत म्हणजे हा आकडा खोटा नाही. २५०० थेंब तासाला पडतात. एकक लिहिलं असतं तर "थेंब/तास" डोळ्यांसमोर दिसलं असतं आणि ६० ने भागायचं सुचलं असतं. म्हणून एकक ही उत्तरानंतर चिकटवायची शेपटी समजू नका, प्रत्येक ओळीत ते सोबत चाललं पाहिजे. वरचं मिली खालच्या मिलीला कटतं, तास तासाला कटतो, आणि शेवटी उरतं तेच एकक प्रश्नात मागितलेलं असेल तर मांडणी बरोबर. नसेल तर आकडेमोड करायच्या आधीच चूक सापडते.

मायक्रो सेटचंही याच वाटेने समजून घ्या. तो ६० थेंबांचा असतो. मिनिटं करायला ६० ने भागायचं, थेंब करायला ६० ने गुणायचं, दोन्ही साठ उडाले. म्हणून मायक्रो सेटवर तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. वहीत हे वेगळं सूत्र म्हणून असेल, ते खोडून टाका. सेट किती थेंबांचा ते पाकिटावर छापलेलं असतं. आपल्याकडे साधा सेट बहुधा २० चा, अमेरिकन पुस्तकांत १० आणि १५ चेही भेटतात. नेटवरची उदाहरणं सोडवताना उत्तर जुळलं नाही तर आधी तिथे बघा.

रात्रपाळी
वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक भर घालते. तू शाब्दिक उदाहरणाचं विचारलंस ना, त्यासाठी हिशेबाच्या आधी तीन ओळी लिहायची सवय लाव. पहिली: किती द्यायचंय. दुसरी: बाटलीवर किती लिहिलंय. तिसरी: अंदाज. आकडेमोड त्यानंतर.

मूल १२ किलोचं. पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ/किलो सांगितलंय. द्यायचंय: १२ × १५ = १८० मिग्रॅ. बाटली: ५ मिलीत २५० मिग्रॅ. अंदाज: १८० हे २५० पेक्षा कमी आणि १२५ पेक्षा जास्त, म्हणजे उत्तर ५ मिलीच्या आत पण अडीचच्या वर. आता त्रैराशिक:

२५० मिग्रॅ → ५ मिली
१८० मिग्रॅ → क्ष मिली
क्ष = १८० × ५ ÷ २५० = ३.६ मिली

तेच औषध ५ मिलीत १२५ मिग्रॅच्या बाटलीतून ७.२ मिली येतं, आणि मिलीला १०० मिग्रॅच्या थेंबांच्या बाटलीतून १.८ मिली. एक मूल, एक डोस, तीन बाटल्या, तीन मापं. "पॅरासिटामॉल ७ मिली" असं पाठ केलेलं डोकं २५० च्या बाटलीतून दुप्पट डोस काढेल. दुसरी नेहमीची चूक म्हणजे "२५० मिग्रॅ/५ मिली" यातलं ५ वाचायचंच राहतं. मग १८० ÷ २५० = ०.७२ मिली येतं. अंदाजाची ओळ लिहिली असेल तर ०.७२ बघताच हात थांबतो.

आणखी एक शब्द नीट वाच: दर दिवशी. अमॉक्सिसिलिन ४० मिग्रॅ/किलो/दिवस, तीन वेळांत विभागून. १२ किलोला दिवसाचे ४८०, एका वेळचे १६०, आणि ५ मिलीत १२५ च्या सिरपमधून ६.४ मिली. "विभागून" सुटलं तर प्रत्येक वेळी तिप्पट. पॅरासिटामॉलचा आकडा मात्र बहुधा एका वेळचाच असतो. दोन्ही प्रकारची उदाहरणं मिसळून सोडव, एकाच प्रकारची ओळीने वीस सोडवलीस तर वाचायची सवय लागत नाही.

मुलांची ती तीन सूत्रं यंग, क्लार्क आणि फ्राइडची असणार. यंग: वय ÷ (वय + १२), गुणिले मोठ्यांचा डोस. इथे वय वर्षांत. फ्राइडमध्ये वय महिन्यांत आणि छेद १५०. क्लार्कमध्येही १५०, पण वर वजन, तेही पौंडांत. महिने, वर्षं, पौंड, आणि दोन ठिकाणी तोच १५०: गोंधळ तिथेच होतो. पेपरात विचारतात म्हणून पाठ ठेव. आज डोस ठरतो तो किलोवर.

इन्सुलिन वेगळं काढून शीक. आपल्याकडे व्हायल (इंजेक्शनच्या औषधाची छोटी बाटली) बहुतेक ४० युनिट/मिलीची, पेनची कार्ट्रिज १०० ची. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. २० युनिट द्यायचे असतील तर ४० च्या व्हायलमधून ०.५ मिली. हेच ०.५ मिली १०० च्या सिरिंजवर ५० च्या रेघेपाशी येतं! सिरिंज चुकवून १०० च्या सिरिंजवर २० ची रेघ धरली तर ०.२ मिली, म्हणजे प्रत्यक्षात ८ युनिट. उलट घोळ झाला, १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये, तर अडीचपट जास्त, आणि तो जिवावर बेततो. व्हायल आणि सिरिंज जुळत असतील तर हिशेब करायचाच नसतो, रेघ वाचायची. गणित शिकायचं ते जुळत नाही तेव्हा काय होतं हे कळायला.

लिहिण्याचे नियमही आत्ताच अंगवळणी पाड. "०.५" लिही, नुसतं ".५" नको, टिंब दिसलं नाही तर ५ वाचलं जातं. आणि पूर्ण आकड्यापुढे ".०" नको, "५.०" चे ५० होतात. "युनिट" हा शब्द पूर्ण लिही. इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं.

लॅबचा_बाक
त्रैराशिकाच्या बाजूने एवढं बोलणं झालंच आहे तर ते कुठे फसतं तेही सांगायला हवं. एक वाढलं की दुसरंही वाढतं, तिथे ते चालतं. द्रावण पातळ करताना तीव्रता कमी झाली की घनफळ वाढतं, ते व्यस्त चलन. तिथे तिरकस गुणाकार केला की उत्तर उलटं येतं. आठवीच्या 'चलन' प्रकरणातला दुसरा भाग याचसाठी नीट करा.

वॉर्डात रोजचं उदाहरण: ५ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटपासून (जंतुनाशक) १ टक्क्याचं १ लिटर करायचंय. पाणी घातल्याने आतलं रसायन वाढत नाही आणि घटतही नाही, म्हणून आधीचा गुणाकार नंतरच्या गुणाकाराइतका:

५ × क्ष = १ × १०००
क्ष = २०० मिली

आता खरी मेख. २०० मिली औषध आणि पाणी ८००, एकूण १०००. "एकास पाच" ऐकून लोक २०० मध्ये १००० पाणी ओततात. एकूण १२०० होतं आणि तीव्रता १००० ÷ १२०० = ०.८३ टक्के. दिसायला दोन्ही बादल्या सारख्याच. "पाच भागांत एक भाग" आणि "एका भागाला पाच भाग पाणी" हे दोन वेगळे हिशेब आहेत. प्रश्नात कोणता आहे ते शब्द मोजून वाचा. ०.५ टक्के हवं असेल तर १०० मिली औषध, ९०० पाणी.

मुळाकाठ, टक्के आणि गुणोत्तर तुमच्या वहीत वेगवेगळ्या पानांवर असतील, ते एकत्र करा. टक्के म्हणजे १०० मिलीत इतके ग्रॅम. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीत २५ ग्रॅम. ०.९ टक्के सलाईनच्या लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. २ टक्के लिग्नोकेन: १०० मिलीत २ ग्रॅम, म्हणजे मिलीला २० मिग्रॅ. थोडक्यात, टक्क्याला १० ने गुणलं की मिग्रॅ/मिली. आणि १:१००० अ‍ॅड्रिनलिन म्हणजे १००० मिलीत १ ग्रॅम, मिलीला १ मिग्रॅ. १:१०,००० असेल तर मिलीला ०.१ मिग्रॅ. इथे आकडा मोठा तितकं औषध सौम्य, ही गोष्ट घाईत डोक्यात उलटी बसते.

कोणी डीएमएलटीवाले (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करणारे) वाचत असतील तर त्यांनाही तेच सांगणं: सूत्रातला तयार आकडा कुठून आला ते एकदा काढून बघा. पांढऱ्या पेशी मोजताना "× ५०" पाठ करतात. न्यूबॉअर चेंबरच्या (पेशी मोजायच्या आखीव काचेच्या) चार कोपऱ्यांतले चार मोठे चौकोन, प्रत्येकी ०.१ मायक्रोलिटर, मिळून ०.४. रक्त २० पट पातळ केलेलं. २० ÷ ०.४ = ५०. म्हणून १२० पेशी मोजल्या तर मायक्रोलिटरला ६०००. उद्या कोणी १० पट पातळ केलं किंवा दोनच चौकोन मोजले, तर पाठ केलेलं ५० कामाचं नाही, पण हा भागाकार कामाचा.

मुळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. पावडरच्या इंजेक्शनमध्ये पाणी किती घालायचं हे हिशेबातून येतं का? आणि दोन-तीन टप्प्यांची उदाहरणं (वजन, वेळ, थेंब सगळं एकात) कशी फोडायची?

रात्रपाळी
पावडरचं पाणी लेबलवरून. कारण पावडरही जागा व्यापते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये ९.६ मिली घातलं की मिलीला १०० मिग्रॅचं द्रावण होतं. तुझ्या गणिताने १० मिली आलं असतं. उरलेला ०.४ पावडरचा. त्यामुळे मूल लहान असेल आणि व्हायलमधला थोडाच भाग द्यायचा असेल तर "घातलेलं पाणी" धरायचं नाही, "तयार झालेली तीव्रता" धरायची.

मोठ्या उदाहरणासाठी पार्कलँड सूत्र सरावाला घे, भाजलेल्या रुग्णाला शिरेतून किती द्रव द्यायचा त्याचं: ४ मिली × वजन × शरीराचे भाजलेले टक्के, पहिल्या २४ तासांसाठी. अर्धं पहिल्या ८ तासांत, उरलेलं पुढच्या १६ तासांत. वजन ६० किलो, ३० टक्के भाजलं: ४ × ६० × ३० = ७२०० मिली. टक्क्यांचा आकडा ३० असाच घ्यायचा, ०.३ करायचा नाही, नाहीतर उत्तर ७२ मिली येतं. (एवढं भाजलेल्याला दिवसभरात ७२ मिली? अंदाजाची ओळ!) अर्धं ३६००.

आता ८ तास कधीपासून? भाजल्यापासून, वॉर्डात आल्यापासून नाही. रुग्ण दोन तासांनी पोचला तर ३६०० मिली सहा तासांत: ६०० मिली/तास. आठने भागून ४५० लिहिलं तर पेपरातही चूक आणि वॉर्डातही. प्रत्येक टप्प्याचं उत्तर एककासह चौकटीत लिही आणि पुढच्या टप्प्याला फक्त ती चौकट वापर. सगळं एका लांब रेघेवर मांडायच्या फंदात पडू नकोस, निदान पहिले दोन महिने.

दुसरा नमुना मायक्रोग्रॅम/किलो/मिनिटाचा. डोपामाइन २०० मिग्रॅ, एकूण ५० मिली केलं. ५० किलोच्या रुग्णाला ५ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट. पंपावर किती? ५ × ५० = २५० मायक्रोग्रॅम मिनिटाला, गुणिले ६० = १५,००० तासाला, म्हणजे १५ मिग्रॅ. द्रावण २०० ÷ ५० = ४ मिग्रॅ/मिली. १५ ÷ ४ = ३.७५ मिली/तास. मिनिटाचे तास आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम, हे दोन बदल या उदाहरणात आहेत. अडकलीस तर नव्वद टक्के यातलाच एक राहिलेला असतो.

त्रैराशिक
क्लासबद्दल कोणी बोललं नाही. पुण्यात सीईटीचे क्लास गल्लोगल्ली आहेत, पण ते भौतिक-रसायन-जीवशास्त्र घेतात, हे शिकवत नाहीत. पैसे वाचवा, सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत बसा. पहिला महिना एककं-दशांश-टक्के, मग दोन-तीन आठवडे नुसतं समीकरण सोडवणं: क्ष/५ = १८०/२५० पासून ते "सूत्रात वजन सोडून बाकी सगळं दिलंय, वजन काढा" इथपर्यंत. ही उलटी उदाहरणं टाळू नका. "थेंब ३० आहेत, सेट २० चा, ३६० मिली किती वेळात संपेल?" ३० ÷ २० = १.५ मिली/मिनिट, ३६० ÷ १.५ = २४० मिनिटं. सूत्र पाठ असणारे इथेच अडकतात, कारण अज्ञात छेदात गेलेला असतो. उरलेला वेळ मिश्र शाब्दिक उदाहरणांना.

आणि ससूनजवळच्या किंवा घराजवळच्या कुठल्याही मेडिकलमधून २ आणि ५ मिलीच्या साध्या सिरिंज आणि एक सलाईनचा सेट आणा. सुया नकोत. २ च्या सिरिंजवर बारीक रेघ सहसा ०.१ ची, ५ च्या सिरिंजवर ०.२ ची. ३.६ मिली म्हणजे ३ नंतरची तिसरी बारीक रेघ. पाणी ओढून बघा. सेटमधून थेंब सोडून २० थेंबांत सिरिंज १ मिली भरते का तेही बघा. ३.६४ असं उत्तर आलं तर कुठे थांबायचं ते वहीपेक्षा सिरिंज लवकर शिकवते.

मुळाकाठ
पार्कलँडचं एक करून बघितलं, तपासाल का? ४५ किलो, २० टक्के, दोन तासांनी आणलं. ४ × ४५ × २० = ३६०० मिली. अर्धं १८००, सहा तासांत, म्हणजे ३०० मिली/तास. ५ मिली/मिनिट, २० चा सेट, १०० थेंब/मिनिट. पुढचे १८०० मिली १६ तासांत: ११२.५ मिली/तास, ३७.५ म्हणजे ३८ थेंब.

रात्रपाळी
आकडे बरोबर, एककंही बरोबर. मिनिटाला १०० थेंब डोळ्यांनी मोजवत नाहीत, म्हणून दोन लाइन असतील तर प्रत्येकी ५० धर. आता याच उदाहरणात एक ओळ वाढव: रुग्णवाहिकेत ५०० मिली आधीच गेलं आहे. ते कुठून वजा करशील? ३६०० मधून केलंस तर दोन्ही टप्प्यांत अर्धं अर्धं वजा होईल, आणि ते चूक. गेलंय पहिल्या आठ तासांत, म्हणून १८०० मधून: १३०० ÷ ६ = २१६.७ मिली/तास, ७२ थेंब. पुढच्या १६ तासांचे ३८ तसेच.